जमीन जमवून देणारं पोरगं आणि स्वस्त घराचा हिशोब



शेताची नोंद आज थोडक्यात उरकतो. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, वरची बारीक राहिली, त्यामुळं दिवसभर वेचूनही वजन भरत नाही. तुरीला शेंगा बऱ्या लागल्यात, पण अळी आहे. फवारणीचं उद्या सांगतो. हरभरा अजून तरी चांगला उभा आहे, दृष्ट लागायला नको.

आज दुसरंच लिहायचंय आणि ते लांबणार आहे. ज्याला घाई आहे त्यानं रात्री जेवण झाल्यावर वाचावं.

मागच्या रविवारी माझ्या चुलतबहिणीचं पोरगं घरी आलतं. बीएस्सी अॅग्री झालेलं, हुशार, घरची चार एकर कोरडवाहू. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा केल्या, जमलं नाही. आता संभाजीनगरला एका कंपनीत लागलंय. मला कार्ड दिलं. कार्डावर मोठ्या अक्षरात 'लँड अॅक्विझिशन एक्झिक्युटिव्ह' आणि खाली 'अफोर्डेबल हाउसिंग'. मी म्हटलं, बाबा, मराठीत सांग. तर म्हणतंय, "मामा, कंपनीला जमीन जमवून द्यायची. कंपनी गरिबाला परवडंल असं घर देणार. चांगलं करिअर आहे. पाच वर्षांत मॅनेजर."

पगार बावीस हजार, पेट्रोल वेगळं, आणि एकरामागं इन्सेंटिव्ह. आईच्या औषधाला आता अडत नाही म्हणाला. मी त्याच्या नोकरीवर हसलो नाही. आपल्या भागात बीएस्सी झालेलं पोरगं बावीस हजार घेऊन आईला औषध आणतंय, यात हसण्यासारखं काहीच नाही. चहा झाला. मग त्यानं पिशवीतून एक वही काढली आणि खरं काम सांगितलं.

"मामा, राजूर-भोकरदन रोडच्या दोन्ही अंगाच्या गावांतली यादी पाहिजे. कुणाचं बँकेचं थकलंय, कुणाच्या पोरीचं लग्न निघालंय, कुणा भावाभावांचं पटत नाही, कुणाच्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि ती बाहेर दिलीय. तुम्हाला सगळं माहीत असतं. आणि तुमच्या पेजला इतकी माणसं आहेत, एक पोस्ट टाका."

टाकतोय बाबा. हीच ती पोस्ट.

मंडळी, त्या वहीत मातीबद्दल एक रकाना नव्हता. ज्या पोराला कॉलेजात मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब, निचरा शिकवला, त्याच्या वहीत जमीन काळी का मुरमाड हे लिहायला जागाच नाही. रकाने सगळे माणसाच्या अडचणीचे. कर्ज, लग्न, दवाखाना, भांडण, बहीण. हा धंदा जमिनीचा आहे असं आपण समजतो. याचा कच्चा माल आपली अडचण आहे. जसा जिनिंगला कापूस लागतो तशी याला आपली अडचण लागते.

बहिणीच्या रकान्याचं जरा उघडून सांगतो, कारण ते लई जणांच्या ध्यानात येत नाही. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत पोरीचा हक्क पोराएवढा आहे, आणि तो बरोबरच आहे. आपण मात्र बहिणीला हिस्सा द्यायचा नाही, हक्कसोड लिहून घ्यायचं किंवा घोंगडं भिजत ठेवायचं, असं करतो. मग कंपनीचं माणूस त्या बहिणीच्या सासरी जातं. तिच्या नवऱ्याला पैसे दाखवतं. तिचा न वाटलेला हिस्सा साठेखतानं घेतं, आणि एक दिवस आपल्या बांधावर तिसराच माणूस उभा राहतो, "मी पण या गटात आहे" म्हणून. मग वाटणीचा दावा, मग दहा वर्षं कोर्ट, नाहीतर सगळंच विकून मोकळं व्हा. दरवाजा कंपनीनं फोडला असं आपण म्हणतो, पण कडी आपणच उघडी ठेवलेली असते. हे कडू आहे, पण लिहायलाच पाहिजे.

आता हे लोक आत्ताच काहून आले? जालना-जळगाव रेल्वे. 2024 च्या ऑगस्टात केंद्रानं मंजुरी दिली. 174 किलोमीटर, सात हजार कोटींच्या वर खर्च, राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या अंगानं. आपल्या बापजाद्यांनी मागितलेली रेल्वे आहे, ती व्हावी. पिंपळगाव रेणुकाईची मिरची रेल्वेनं दिल्लीला गेली तर मला आनंदच आहे. पण रूळ यायच्या आधी बोर्ड आले. जिथं मोजणीचा दगड दिसतो तिथं आठ दिवसांत "एनए प्लॉट, बुकिंग चालू" असा फ्लेक्स लागतो, आणि खाली बारीक अक्षरात "प्रस्तावित". त्या प्रस्तावित शब्दाच्या जिवावर किती जणांचे बंगले झाले, मोजायला बसलो तर तूर काढायची राहील.

लांबचं कशाला, खरपुडी बघा. आपण सगळे खरपुडीला जातो ते कृषी विज्ञान केंद्रात. त्याच खरपुडीत सिडकोचं नवं शहर करायचं ठरलं. नाव घरांचं, जमीन शेतकऱ्याची, खर्च 900 कोटींच्या घरातला. 2020 मध्ये हा प्रकल्प परवडणारा नाही असा अहवाल आला आणि तो मागं पडला. 2023 मध्ये तोच प्रकल्प पुन्हा उठून उभा राहिला. आणि 2025 च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांनी त्याची चौकशी लावली. आरोप असा की भूसंपादन होणार हे आधी कळलेल्या लोकांनी तिथं शेतकऱ्याकडून जमिनी घेऊन ठेवल्या, म्हणजे मोबदला त्यांनाच मिळावा. आरोप आहे, सिद्ध व्हायचाय, म्हणून मी कुणाचं नाव घेत नाही. पण युक्ती समजून घ्या, कारण ती एका गावापुरती नाही.

युक्ती अशी. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या गटाचे व्यवहार थांबतात. म्हणून खेळ अधिसूचनेच्या आधीचा असतो. नकाशा ज्याला आधी दिसला तो आधी गावात येतो. शेतकऱ्याला वाटतं, कोरडवाहू तुकडा, चांगला भाव आला, देऊन टाकू. वर्षभरानं अधिसूचना निघते आणि सरकार जो मोबदला देतं तो त्या पाहुण्याच्या खात्यात जातो. सरकारच्या कागदावर तो पाहुणाच "बाधित शेतकरी". पुनर्वसनाची सहानुभूतीसुद्धा त्यालाच.

जुन्या लोकांना नवी मुंबई आठवत असेल. 1970 ला सिडको निघाली. मुंबईत गरिबाला, कामगाराला घर नाही म्हणून खाडीपलीकडं नवं शहर. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांची जमीन. एकरी पंधरा हजाराच्या भावावरून लोक पेटले. दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, उरण भागात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. म्हणजे शंभरातले साडेबारा, तेही रक्त सांडल्यावर. आणि ते साडेबारा टक्क्यांचे कागदसुद्धा पुढं कितीतरी शेतकऱ्यांकडून दलालांनी आधीच लिहून घेतलेले. आज त्या शहरात घराचा भाव विचारा आणि मला सांगा, ते परवडणारं घर नेमकं कुणाला परवडतंय.

एक गोष्ट मात्र इमानदारीनं लिहितो. आपल्या संभाजीनगरात सिडकोनं जी छोटी घरं बांधली, त्यात गिरणी-कारखान्यातले, कारकून, शिपाई, आपल्याच खेड्यातनं गेलेले लोक राहिले आणि त्यांची पोरं शिकली. माझा मावसभाऊ त्यातलाच. म्हणून घरं बांधणं वाईट असं मी म्हणणार नाही. माझं भांडण वेगळं आहे. घर स्वस्त करायचं म्हटलं की दरवेळी कात्री पहिल्यांदा शेतकऱ्याच्या भावाला लागते, आणि मधल्या माणसाच्या नफ्याला शेवटपर्यंत लागत नाही.

चला, पाटी घ्या. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावचे घालून बघा.

एक एकर म्हणजे 40 गुंठे. एक गुंठा 1089 चौरस फूट. म्हणजे एकराचे 43,560 चौरस फूट. कंपनीनं शेतकऱ्याला एकरी 40 लाख दिले समजा. आपल्याला ते डोंगराएवढे वाटतात. भागाकार करा, चौरस फुटाला 92 रुपये पडले. आता रस्ते, मोकळी जागा सोडून विकायला निम्म्याहून थोडं जास्त उरतं, धरा 24,000 चौरस फूट. त्याचा प्लॉट 800 रुपये फुटानं विकला तर एक कोटी 92 लाख झाले. त्यातनं तुमचे 40 लाख काढा. रस्ता, नाली, लाइट, मोजणी, एनए, साहेब लोकांचा चहापाणी, जाहिरात, सगळ्याला अजून 40 लाख काढा, मी हात सैल सोडतो. तरी एक कोटीच्या वर उरले. ते कुणाचे? गरिबाचे नाहीत, कारण तो 800 नं घेतोय आणि वीस वर्षं हप्ता फेडणार आहे. शेतकऱ्याचे नाहीत, त्याला 92 नं मोकळं केलंय.

पोरगं म्हणालं, "मामा, पण रिस्क कंपनीची." मी म्हटलं, तुझ्या वहीत रिस्क कंपनीची दिसत नाही रे. निम्म्या ठिकाणी तर कंपनी खरेदीखतही करत नाही. पाच-दहा टक्के इसार देते, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेते, आणि आपल्याच सातबाऱ्यावर प्लॉट विकत बसते. प्लॉट विकले गेले तर आपल्याला पुढचा हप्ता, नाही गेले तर "थोडं थांबा काका". तेवढ्यात पेरणीही बंद, कारण आखणीचे दगड रोवलेले. म्हणून कुलमुखत्यारपत्रावर सही करताना दहादा विचार करा. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय तर नाहीच. आणि प्लॉट घेणाऱ्यांनीही, तुम्ही आमचेच भाऊबंद आहात, 500 चौरस मीटरच्या वरचा लेआउट असेल तर महारेराचा नंबर मागा. नंबर नाही म्हटलं की उठून या. गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेले तुकडे नियमित करायला 2025 च्या नोव्हेंबरात सरकारनं अध्यादेश काढला, पण तो 15 ऑक्टोबर 2024 पर्यंत झालेल्या व्यवहारांचा आहे. एजंट तोच कागद दाखवून आजचा गुंठा विकतोय.

आता सरकारी संपादनाचं. आपल्या जिल्ह्यातनं समृद्धी गेला. 701 किलोमीटरचा रस्ता, जमीन थेट खरेदीनं घेतली, रेडीरेकनरच्या पाचपट म्हणून गाजावाजा झाला. ज्यांची गेली त्यांच्यातल्या काहींनी दुसरीकडं दुप्पट जमीन घेतली, शहाणे निघाले. काहींच्या दारात मोठी गाडी आली, आता गाडीही नाही आणि रानही नाही. पुढं जालना-नांदेड महामार्गाची वेळ आली तेव्हा शेतकरी रस्त्यावर बसले, आम्हाला समृद्धीसारखा भाव का नाही म्हणून. एकाच जिल्ह्यात, एकाच काळ्या मातीला, एका रस्त्याला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा. याला कुठला हिशोब म्हणायचा?

पण इथंही एक आपली चूक आहे, आणि ती सगळ्यात महागाची आहे. 2013 चा भूसंपादन कायदा, जो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, तो मोबदला कसा ठरवतो? आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली जास्त किमतीची निम्मी घेतो, त्यांची सरासरी काढतो, ती रेडीरेकनरशी ताडून बघतो, जास्त असंल ती धरतो. त्याला ग्रामीण भागाचा गुणांक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. आता मला सांगा, आपण खरेदीखतावर किंमत काय लिहितो? व्यवहार तीस लाखाचा, कागदावर सात लाख. मुद्रांक वाचला म्हणून खूश. ते सात लाखच उद्या आपल्या शेजाऱ्याच्या, आणि आपल्याही जमिनीचा भाव ठरवतात. साहेब खोटं बोलत नाही, तो आपलीच खोटी खरेदीखतं पुढं ठेवतो. मी स्वतः 2016 ला बांधालगतचा दीड एकर घेतला तेव्हा हेच केलंय. मुद्रांकात जे वाचले ते एका ठिबकच्या संचाएवढेही नव्हते. आज वाटतं, खरी किंमत लिहिली असती तर पूर्ण शिवाराला कामी आली असती.

अजून दोन गोष्टी गाठ मारून ठेवा. संमतीनं थेट खरेदी दिली की पंचवीस टक्के वाढीव मिळतात, ते खरं आहे, पण मग वाढीव मोबदल्यासाठी भांडायला दार राहत नाही. आणि नोटीस आली की आधी बघा कुठल्या कायद्याखाली आलीय. 2013 च्या कायद्याखाली, रेल्वेच्या का महामार्गाच्या. एकात प्राधिकरणाकडं दाद मागता येते, दुसऱ्यात लवादाकडं, आणि मुदती वेगवेगळ्या. पैसे घ्यायचे तर "हरकत कायम ठेवून" असं लिहून घ्या. झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा यांची नोंद मोजणीच्या दिवशी स्वतः उभं राहून करून घ्या. मोसंबीची झाडं पंचनाम्यात बाभळी म्हणून लागल्याचं मी डोळ्यानं बघितलंय.

हे सगळं पोराला सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होतं. मग एकदम म्हणालं, "मामा, तुमचं बरोबर आहे. पण ज्याला जागाच नाही त्यानं काय करायचं? तुम्ही शेतकरी तर देत नाही. आम्ही निदान विकतो तरी."

इथं माझी बोलती बंद झाली, मंडळी. खरं सांगतो.

कारण आमच्या कापसाला वेचायला येणारी एक बाई आहे. नाव लिहीत नाही. नवरा गेलेला, दोन पोरं, गावठाणालगत दिराच्या घराला टेकून पत्र्याचं खोपट. सप्टेंबरच्या पावसात त्यात गुडघाभर पाणी होतं, मीच पोरांना शाळेत नेऊन झोपवलं. तिचं घरकुल यादीत नाव आहे. पंतप्रधान आवासचे एक लाख 20 हजार, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, संडासाचे 12 हजार. राज्यानं 2025 च्या अर्थसंकल्पात अजून 50 हजार वाढवायचं जाहीर केलं. सगळं आहे, पण घर बांधायला जागा नाही. जागा घ्यायलाही योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची, 500 चौरस फुटापर्यंत जागेला आधी 50 हजार मिळायचे, आता एक लाखापर्यंत मिळतात. पण विकणारा पाहिजे ना.

गावठाणाला लागून आमचा आठ गुंठ्यांचा पट्टा आहे. त्यात काही पिकत नाही. कडबा आणि जुनी बैलगाडी ठेवतो. त्या बाईनं मागच्या दिवाळीला मला विचारलं होतं, "दादा, त्यातला तुकडा देता का, सरकारचे पैसे येतील तेवढे घ्या." मी काय म्हटलं? "बघू." वर्ष झालं, मी बघतोच आहे.

का बघतोय? कारण रेल्वे. मनात एक कोपरा म्हणत होता, थांब, स्टेशन कुठं येतंय ते कळू दे, या आठ गुंठ्याला सोन्याचा भाव येईल. म्हणजे ज्या पोराला मी दोन तास शहाणपण शिकवलं, त्याच्या वहीतला साहेब माझ्या डोक्यात कधीचा बसलेला. कार्ड तेवढं छापलेलं नव्हतं. तिची अडचण मला माहीत होती आणि मी भाव वाढायची वाट बघत होतो. यात आणि कंपनीत फरक काय, एवढाच की कंपनी पेट्रोल तरी देते.

रात्री झोप आली नाही. उठून परत पाटी घेतली. 500 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. कंपनीच्या 92 रुपयाच्या भावानं त्याचे 46 हजार होतात. योजनेतून तिला लाखापर्यंत मिळतात, म्हणजे फुटाला 200. तिच्याकडून मी 50 हजार जरी घेतले तरी मला कंपनीपेक्षा जास्त पडतात, आणि तिला कर्ज नाही, हप्ता नाही, एजंट नाही. प्लॉटवाल्याकडं तीच जागा 800 नं चार लाखाला पडली असती. मधला माणूस काढला की दोघांचं भागतंय. हे गणित मला दहावीच्या अंकगणितावर जमलं. मोठमोठ्या कंपन्यांना जमत नाही असं नाही, त्यांना ते सोडवायचंच नाही.

तुकडेबंदी आड येते असं कुणी म्हणेल. ग्रामीण घरकुलासाठी छोटा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं देता येतो, त्याचा नियम 2024 मध्ये झालाय. ग्रामसेवकाला विचारा. तो "माहीत नाही" म्हणाला तर पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलाला विचारा. आपल्या प्रत्येक गावात गावठाणालगत असे पाच-दहा पडीक पट्टे आहेत, ज्यात गाडी, कडबा आणि भावकीचं भांडण सोडून काही ठेवलेलं नाही. आणि प्रत्येक गावात यादीत नाव असून जागेवाचून अडलेली घरं आहेत. पोरा, तुला यादीच करायची ना? या दोन याद्या कर. एका बाजूला पट्टा, दुसऱ्या बाजूला घरकुल. मध्ये परवानगीचा कागद फिरवायला हुशार पोरगं लागतं, सातबारा वाचणारं, मोजणी कळणारं, तालुक्याला न लाजता चार खेपा मारणारं. जमीन मिळवून देणं हेच करिअर करायचं असंल तर हे करिअर आहे. पगार कोण देईल ते मला माहीत नाही. ग्रामपंचायतींनी मिळून एका पोराचे बावीस हजार द्यायला काय हरकत आहे, सरपंच मंडळींनी खाली सांगावं. सप्त्याच्या मंडपाला याहून जास्त जातात.

पोराला फोन करून हे सांगितलं. म्हणालं, विचार करतो. नोकरी सोड असं मी म्हटलं नाही, म्हणायचा मला हक्क नाही, त्याच्या घरची चूल मी चालवत नाही. एवढंच म्हटलं की आपल्या गावांची यादी तुला माझ्याकडून मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून मिळवलीस तर त्या वहीत पहिलं नाव माझं लिही. कर्ज 3 लाख 40 हजार, बँकेचं, थकलेलं. लपवायचं काय त्यात.

आता आमच्या घरचं. तो पट्टा माझ्या आणि धाकट्याच्या सामाईक नावावर आहे, आईचंही नाव आहे. आई लगेच तयार झाली, "कडबा दुसरीकडं रचू" म्हणाली. धाकटा तयार नाही. त्याचं म्हणणं, दादा, दोन वर्षं थांब, रेल्वे येऊ दे, मग दान कर काय करायचं ते. दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. काल शेतात भेटला तर बैलाशी बोलला, माझ्याशी नाही. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही, त्याला दोन पोरी आहेत आणि मी मागच्या वर्षापर्यंत तेच म्हणत होतो.

बुधवारी भोकरदनला जातोय, परवानगीच्या अर्जाला काय काय लागतं ते विचारून येतो आणि कागदांची यादी इथं टाकतो. धाकट्याची सही अजून बाकी आहे. तो हे पेज वाचतो. वाचत असशील तर ऐक, उद्या वेचणीला माणसं कमी आहेत, ती बाई आणि तिची जाऊ दोघीच येणार आहेत. दुपारी बैलगाडी घेऊन ये, दोघांनी मिळून पट्ट्यातला कडबा हलवू आणि तिथंच बसून बोलू.